व्याह्यांचं शिंगरू आणि माझा घोडा

२ एप्रिल

शार्शेन हा माणूस असह्य आहे. हे मी संतापात लिहीत नाही. संताप काल होता. आज विचारपूर्वक लिहितो आहे.

काल त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मुलगी दिली आहे, जावं लागतं. नातू बेक्तुर भिंत धरून उभा राहू लागला, म्हणून मे महिन्यात त्याच्या पायांतली दोरी कापायचं ठरलं. काळा-पांढरा दोरा बाळाच्या पायांत बांधायचा, मुलांनी शर्यत पळायची, पहिला येईल त्यानं दोरा कापायचा आणि मग बाळाचं पहिलं पाऊल. ते कुणाकडे पडतं, इकडे अख्ख्या कोच्कोर गावाचं लक्ष असतं.

शार्शेन पावाला लोणी फासत म्हणाला, "मी नातवाला शिंगरू देणार. जिवंत." हा 'जिवंत' माझ्याकडे बघून. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, मीही घोडाच देणार, पण स्वतःच्या हातानं केलेला. लोकरीचा. आत तारेचा सांगाडा. हा सांगाडा कुठून आला, मलाही ठाऊक नाही. तोंड पुढे गेलं, मी मागून पोचलो.

बुरुलच्या नाकातून चहा आला. ही माझी सहधर्मचारिणी.

नोंद : मला पाहिलं की बेक्तुर रडतो. हे तात्पुरतं आहे. शार्शेनच्या मांडीवर मात्र पिठाच्या पोत्यासारखा तासन्‌तास बसतो. संकल्प : दोरी तुटली की पहिलं पाऊल माझ्या घोड्याकडे.

५ एप्रिल

जिल्हा वृत्तपत्रात आयुष्यभर पशुधनावर लिहिलं. घोड्याची रचना मला तोंडपाठ आहे. नमदा म्हणजे तरी काय? लोकर, गरम पाणी, साबण आणि मळणं. इकडच्या बायका गप्पा मारत मारत करतात, म्हणजे अवघड नसणार.

बुरुल म्हणाली, "मी दाखवू का?" मी नको म्हटलं. कलेत दोन हात पुरतात, चार झाले की भांडण. ती म्हणाली, "बरं. तुमचे दोन कुठे आहेत ते आधी शोधा."

शिक म्हणावं नवऱ्याशी बोलायला.

९ एप्रिल

तार बाजारात मिळते ती भिकार. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उसवली. उत्तम तार निघाली. पक्कड घेऊन सांगाडा तयार. चार पाय, मान, कणा. एका बैठकीत. शिल्पकार होतो की काय मी, असं क्षणभर वाटलं.

दुपारी कोंबड्या बुरुलच्या कांद्याच्या रोपांत. सगळी रोपं फस्त. यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. दोष कोंबड्यांचा. दार उघडं दिसलं म्हणून बाहेर पडावंच असं थोडंच आहे?

१५ एप्रिल

सांगाड्याला लोकर गुंडाळली. साबणाचं उकळतं पाणी ओतलं. हात पोळले. बोरूच्या चटईत गुंडाळून अंगणभर लाथा मारत फिरवला, जसं करायचं तसं. लाथा मारताना शार्शेनची आठवण येत होती, त्यामुळे काम मनापासून झालं.

चटई उघडली. लोकर आटली होती. तार आटली नव्हती.

आता तार ही आटत नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? गुडघे फोडून चारही पाय बाहेर आले. कणा वर उचलला गेला. पोट नाहीसं. बुरुल उंबऱ्यावर हात पुसत उभी होती. म्हणाली, "उंट छान झालाय हो."

मी जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

२३ एप्रिल

दुसरा घोडा. पहिल्यापेक्षा निश्चितच सरस. या वेळी लोकर आधी आटवली आणि तारेवर नंतर टाचली, काटेरी सुईनं. सुई लोकरीत कमी आणि बोटांत जास्त गेली. सुया कुठल्या कारखान्यात होतात, त्यांना पत्र लिहिणार आहे.

तार ओली राहिली होती, तिला गंज चढला. पांढऱ्या घोड्यावर तपकिरी ठिपके उमटले. मीरिमला, म्हणजे आमच्या मुलीला, फोनवर फोटो पाठवला. तिचं उत्तर : "बाबा, त्याला गोवर आलाय का?" ही माझी मुलगी. हिला मी शिकवलं.

घोडा आता ठिपकेदार जातीचा आहे. हे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं.

३० एप्रिल

शार्शेन रस्त्यात भेटला. कर्मधर्मसंयोग. शिंगरू दोरीनं धरून फिरवत होता, जणू त्यानंच त्याला जन्म दिला. म्हणाला, "काय व्याही, घोडा खायला काय घेतो?" मी म्हणालो, "निंदा."

उत्तर चांगलं होतं. पण ते मला घरी आल्यावर सुचलं. रस्त्यात मी म्हणालो होतो, "काही नाही."

८ मे

काल मी झोपलो असताना बुरुलनं घोड्याला शेपटी लावली. आमच्या म्हाताऱ्या घोडीच्या गळलेल्या केसांची, वेणी घालून, जमिनीला टेकेल अशी. आयाळही तशीच. मला न विचारता! माझ्या कलाकृतीत हस्तक्षेप! मी तासभर बोललो.

शेपटी वाईट नाही. खरं तर शेपटी अशी की तिच्या जोरावर घोडा घोडा दिसतो. हे मी तिला सांगणार नाही.

१० मे, सकाळी

आज समारंभ. बुरुल पहाटेच बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला व्याह्यांकडे गेली. मी एकटा. घोडा शेवटचा तपासला. शेपटीच्या बुंध्यातून तारेचं टोक बाहेर! बाळाच्या डोळ्यात गेलं तर? तार आत जाईना. तेव्हा शेपटी कापून टाकली, म्हणजे तार कापता आली. मग एकटी शेपटी आखूड बरी दिसेना, म्हणून समतोलासाठी आयाळही कापली. आता एकदम चपळ दिसतो. आधुनिक.

वडील आखूड शेपटीबद्दल काहीतरी म्हणायचे. आठवत नाही. म्हाताऱ्यांना सगळ्याबद्दलच काहीतरी म्हणायचं असतं.

११ मे

लिहायची इच्छा नाही, पण लिहिलं नाही तर शार्शेनचंच खरं होईल.

काल घोडा व्याह्यांच्या अंगणातल्या तंबूत मानाच्या जागी ठेवला, वर कापड. हात गंजानं माखले होते म्हणून मागे ओढ्यावर धुवायला गेलो. परत येतो तो आतून रडण्याचा हलकल्लोळ. साहजिकच टोपी काढली. दाराशी चहाच्या सामोवारला फुंकर घालणाऱ्या माणसाला हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

तो मान वर न करता म्हणाला, "तुर्दुबेक."

मी म्हणालो, "अरेरे."

मग लक्षात आलं की तुर्दुबेक मी. त्याच्याही लक्षात आलं. सामोवार आडवा झाला.

झालं ते असं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या घोड्याची शेपटी आणि आयाळ कापतात. (वडील हेच म्हणायचे. आठवायला मुहूर्त हाच.) शार्शेनच्या कालिपाआत्याला डोळ्यांनी फार दिसत नाही. तिनं कापड काढून घोडा हातानं चाचपला. मान बोडकी. शेपूट नाही. विचारलं, "कुणाचा हा?" कुणीतरी म्हणालं, तुर्दुबेकचा. "आणि तो कुठाय?" कुणाला दिसेना. झालं. आत्यानं हेल काढला. म्हातारीनं विलाप सुरू केला की बाकीच्या बायका चौकशी करत नाहीत, सुरात सूर मिसळतात.

मी तंबूच्या भिंतीला कान लावून दोन कडवी ऐकली. नाकारत नाही. 'लेखणी ज्याची तलवार', 'दार ज्याचं सदा उघडं'. (कोंबड्यांचा उल्लेख नव्हता.) इतकं बरं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. तिसरं कडवं माझ्या स्वभावाकडे वळत होतं, तेवढ्यात बुरुल बाहेर आली. हात पिठाचे, डोळे कोरडे. म्हणाली, "मेला नसाल तर आत या. आत्या थांबत नाहीये."

आत गेलो. दोन बायका किंचाळल्या. आत्यानं माझं नाक चाचपलं, खात्री केली आणि माझ्यावरच चिडली : "मग आधी सांगायचं नाही का मेल्या?" शार्शेन लालबुंद. "व्याही, नातवाच्या मंगल कार्यात माझ्या अंगणात मयत घेऊन आलात?" मी म्हणालो, ही आधुनिक रचना आहे. तो म्हणाला, "आधी ही रचना बाहेर काढा."

बेक्तुर रडून रडून निळा. शर्यत नाही, काही नाही. पायांतला दोरा सोडून ठेवला. समारंभ पुढे ढकलला. माझ्यामुळे. म्हणजे आत्यामुळे.

घोडा उचलून गोठ्यामागे गेलो. तिथे शिंगरू बांधलेलं होतं. ते माझ्याकडे बघून हसल्यासारखं फुरफुरलं. मी पक्कड काढली आणि तार उपसायला लागलो. लोकर फाडली. पाय पिरगाळले. महिनाभराचा राग होता, पुरवून पुरवून वापरला. शार्शेनला काय काय म्हणालो ते शिंगराला माहीत.

तेवढ्यात बुटाला काहीतरी लागलं. वळून पाहिलं. बेक्तुर. उभा. माझी विजार एका मुठीत, दुसऱ्या मुठीत घोड्याचा फाटका कान. तंबूपासून गोठ्यापर्यंत मोकळं अंगण, धरायला भिंत नाही, काठी नाही. आसपास माणूस नाही. आला होता तो चालत. माझ्याकडे. आणि मी पाठ करून तार उपसत होतो.

रडला नाही. कान तोंडात घातला.

मी त्याला उचलून तंबूत नेलं आणि सगळ्यांना सांगितलं. शार्शेन म्हणाला, "अस्सं? तुमच्या घोड्यावर बसून आला असेल." सगळे हसले. मीरिम म्हणाली, "बाबा, मीच त्याला अंगणात सोडलं होतं. रांगत गेला असेल." मी बुरुलकडे पाहिलं. ती म्हणाली, "चहा घ्या."

त्याचे गुडघे दाखवले असते. रांगला असता तर मळले असते. स्वच्छ होते. पण तोवर मीरिमनं त्याचा रडारडीत ओला झालेला पायजमा काढून नवा घातला होता.

महिनाभर मी लोकांना घोड्याबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं थोडंफार रंगवलेलं असेल. हे रंगवलेलं नाही.

२४ मे

दोरी कापली. शार्शेनच्या पुतण्यानं शर्यत जिंकली. हवा छान होती.

बुरुलनं मला मागच्या रांगेत बसवलं. नातवाला आमची भेट म्हणून तिनं केलेली नमद्याची टोपी दिली. मापात होती. बेक्तुरनं मला पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी एका लठ्ठ गृहस्थांच्या आड झालो, तेव्हा थांबला.

शार्शेन समोर गुडघ्यावर बसला, शिंगराची दोरी हातात. बेक्तुर डुलला, सावरला आणि चार पावलं टाकून त्याच्या मिशीत जाऊन पडला. शार्शेन रडला. एवढा मोठा माणूस. सगळे ओरडले, पहिलं पाऊल, पहिलं पाऊल!

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. बुरुल वळून बघत होती. शार्शेनचं नाक वाहत होतं आणि त्याला ते कळतही नव्हतं.

तोंड मिटलं. टाळ्या वाजवल्या. रागानं वाजवल्या, पण वाजवल्या.