कॉलरवरचा माईक

दादा,

वर 'प्रिय' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतंच दादा.

काल तू सरकारचा प्रवक्ता म्हणून आमच्या स्टुडिओत आलास. लढाईत सीमेवरचा पूल हातचा गेला, माणसं गेली, हे युद्ध काढलंच कशाला असं लोक तोंडावर विचारायला लागले. खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. तू घसा खाकरून सांगितलंस, तिथल्या तुकडीच्या प्रमुखाने वरचा आदेश मोडला, म्हणून पूल गेला. तो प्रमुख म्हणजे माझा नवरा. त्याला खांदा देताना सगळ्यांत मोठ्याने तूच रडला होतास.

मी रजेवर असेन असं तुला वाटलं असणार. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. ही साउंडची नोकरी तूच लावून दिलीस, पण ती असते काय हे कधी विचारलं नाहीस. कॉलरला माईक अडकवला की मुलाखतीच्या आधीपासूनच सगळं रेकॉर्ड होतं. तोंडाला पावडर लावून घेताना तू मंत्र्यांना फोनवर म्हणालास, "आदेश आपलाच होता साहेब, त्याने तो पाळला, पण मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. आणि बहीण माझीच आहे, गप्प बसेल."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू सावध होशील. आज रात्रीच्या बातम्यांत तुझी मुलाखत पुन्हा लागणार आहे, या वेळी पावडरीपासून. संपादकबाईंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "लाव."

आईला हल्ली कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज मोठा ठेव, असं मी तिला सांगितलंय.

तुझी,
गप्प बसलेली बहीण