मंडईच्या दिवशी ठेवलेला वाढदिवस

धानोरा,
मंडईच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी

आदरणीय देवरावभाऊ यांस,
सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? सिरोंच्याला थंडी पडली असेल, तर पहाटे गोदावरीकाठी गळ टाकून बसणे बंद करावे. आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन मुद्दाम केला नाही. मी मुद्द्यावर आले की तुम्ही "आवाज कटून राह्यला, सरिता" म्हणून फोन ठेवता. पत्राचा आवाज कटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या ओसरीवर बसून, माझाच चिवडा खात, "दोन वाढदिवस कायले? एकच करा" हा सल्ला कोणी दिला, ते आठवून पाहावे. माझी नात रोशनी आणि शेजारच्या सुलतानाचा नातू मोहसीन एकाच वर्गात आहेत, एकाच आठवड्यात जन्मले आणि गेल्या वर्षी एकाच पेरूच्या झाडावरून पडले, एवढ्यावर तुम्ही तो दिलात. पोरांनी तो लगेच उचलला. दोघांनी एकाच केकवरच्या मेणबत्त्या एकदम फुंकायच्या, असे वचन रोशनीने माझ्याकडून घेतले. मी दिलेले वचन मोडत नाही (तुम्ही दिलेले मोडता, दोन वर्षे झाली, सुकटीचा पत्ता नाही), म्हणून सगळे नियोजन मी हाती घेतले. शनिवार दुपार. फक्त वर्गातली मुले. केक, चिवडा, सरबत आणि सहाच्या आत घरी. मंडप दोन्ही घरांच्या मधल्या जागेत, म्हणजे मान कोणाला जास्त, हा वाद नको.

आणि गावाने मंडई ठेवली त्याच शनिवारी! घरोघरी पाहुणे, बाजार, जत्रेचे पाळणे आणि रात्रभर दंडारीचे नाचगाणे, हे सगळे माझ्या कार्यक्रमावर. मी मंडईच्या कमिटीचा कोलू याच्याकडे गेले (माझा विद्यार्थी, तेव्हाही बाकावर झोपायचा) आणि मंडई पुढे ढकला म्हणून स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "बाई, तुमचं आयकलंच असतं. पन दंडारवाल्याइले सांगून झालं. तुम्हीच काऊन नाई ढकलत?" मी? मी आधी ठरवले होते!

सुलतानाही मला समजावायला आली. "बाई, मंडईले घरी पाव्हने राह्यतात. पोट्टा एकटा थोडी येईल?" मी म्हटले, निमंत्रण मुलांना आहे, लोकांना एवढे कळते. ती "अच्छा" म्हणाली. त्या "अच्छा"चा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

लोकांना कळत नाही, भाऊ. पाहुण्यांना घरी ठेवून जेवायला जायचे नाही, एवढेच कळते. वर्गातली बुधरीची मुलगी आली ती आजी, दोन मामा, मावशी आणि मावशीच्या जावेला घेऊन. सगळ्यांचे तसेच. नवे कपडे घालून गंभीर चेहऱ्याने माणसे मंडपात पंगतीला मांड्या घालून बसली आणि एका म्हाताऱ्याने मला विचारले, "बाई, पत्रावळी कवा मांडता?" माझ्याकडे केक होता एक! मी माईक हातात घेतला आणि पालकांनी कृपया घरी जावे असे शुद्ध मराठीत सांगितले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माईक ऐकून दंडारवाले ढोलकी घेऊन आले. त्यांना वाटले, त्यांचा मंडप हाच.

अशा वेळी सुलतानाने काय करावे? तिच्या परसातून चार माणसांनी उचललेली देग आली. भाजीभात! सकाळपासून शिजत होता, मला न विचारता. "बाई, तुमचा शब्द खाली नाई पडू देल्ला, पन भात चढवला." माझ्या नियोजनावर इतका उघड अविश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. मी तिच्याशी बोलणार नव्हते, पण वाढायला माणसे कमी होती.

पोरे मात्र नाहीशी. शेवटी पाळण्यातून उतरवून आणली, मेणबत्त्या लावल्या, ढोलकी थांबली आणि दोघांनी एकदम फुंकल्या. सारा मंडप ओरडला. रोशनी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आमच्या वाढदिवसाले पाळणे बी आणले तू?"

तर या सर्वाला तुम्ही जबाबदार आहात. वहिनींना माझा जय भीम सांगावा, तुम्हाला सध्या एवढाच पुरे.

आपली बहीण,
सरिता

ता.क. पाळणे मी आणले नव्हते, हे रोशनीला अजून सांगितलेले नाही. ती सकाळपासून गावभर सांगत फिरते आहे. दुरुस्त करायला वेळ झालेला नाही.

पुन्हा ता.क. पुढच्या मंडईची तारीख मला विचारल्याशिवाय ठरवायची नाही, अशी कोलूला ताकीद दिली आहे. ती वाढदिवसाच्या शनिवारीच पडली पाहिजे. तुमच्याकडे लग्नकार्यात भात शिजवायचा मोठा गंज आहे, तो घेऊन यावे. सुलताना म्हणते, एका देगेत भागणार नाही. गुडघ्याची सबब चालणार नाही. वाढायला माणसे लागतील.