उजवीकडचा रकाना

कोथरूड, पुणे
शनिवार, १० जानेवारी २०२६

आदरणीय श्रीमती हेमलता देवस्थळी मॅडम,

सविनय नमस्कार. आपण आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना, साईनाथ सरांना, सांगितलंत की फोनवरच्या आमंत्रणाला आपण आमंत्रण समजत नाही, रीतसर पत्र हवं. बरोबरच आहे. म्हणून हे रीतसर पत्र, सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह.

रविवार, ८ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता आमच्या क्लबहाउसमध्ये पालकांसाठी व्याख्यान ठेवलं आहे. विषय आपलाच, 'मूल समजून घेताना'. वाचताना अडखळणारी, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणणारी मुलं हल्ली घरोघरी आहेत, आणि काय करावं ते पालकांना कळत नाही. खालच्या मजल्यावरची शर्मिला मला जिन्यात गाठून विचारते, शंभूचं काय करू हो, दुसरीत गेला तरी दोन ओळी वाचत नाही. तिच्यासारख्या साठ जणांनी नावं दिली आहेत.

आपली व्याख्यानं मी मोबाइलवर पाहिली. सगळी. त्यात एका मुलीची गोष्ट आपण प्रत्येक ठिकाणी सांगता. चौथीतली मुलगी, तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिची अडचण आपण ओळखलीत, तिला जवळ घेतलंत आणि तिच्या अडाणी आईला चार गोष्टी समजावल्यात. ती गोष्ट आमच्याकडेही जरूर सांगावी, ही माझी वैयक्तिक विनंती. ऐकायला मी पहिल्या रांगेत असेन.

दहा म्हणजे दहा. चहा व्याख्यानानंतर मिळेल. पाहुण्यांची गाडी गेटाच्या आत लावता येत नाही, आणि हा नियम अध्यक्षांच्या पाहुण्यांनाही आहे.

आपल्या लेखी होकाराच्या प्रतीक्षेत,
जया रणपिसे
सचिव


कोथरूड, पुणे
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

देवस्थळी मॅडम,

नमस्कार. तुमचं होकाराचं पत्र मिळालं. सोबतचा बावीस ओळींचा परिचयही मिळाला; तो व्याख्यानाआधी वाचून दाखवावा असं तुम्ही लिहिलं आहे. दाखवीन. पाकीट उघडल्याबरोबर मी अक्षर ओळखलं. तोच मागे कललेला 'र', महत्त्वाच्या शब्दाखाली तीच रेघ. फक्त शाई निळी आहे. आमच्या घरी यायची तेव्हा लाल असायची.

माझं आडनाव वाचून तुम्हाला काही आठवलेलं दिसत नाही. चाळीस मुलांच्या वर्गातल्या सगळ्या आया कुठे लक्षात राहणार. तर सांगते. मी संघमित्रा रणपिसेची आई. २०१३ सालची चौथी, तुमचा वर्ग, खिडकीकडचं शेवटचं बाक. तुमच्या गोष्टीतली, स्वतःचं नाव लिहिता न येणारी मुलगी ती हीच. एवढं लांब नाव ठेवायचं कशाला, असं तुम्ही मला विचारलंही होतंत.

तिला तुम्ही जवळ घेतलंत हे खोटं नाही. टेबलाजवळ घेतलंत, वर्गाकडे पाठ करून उभं करण्यासाठी. एकदा दुसरीच्या वर्गात नेऊन सगळ्यांसमोर धडा वाचायला लावलात. ती अडली की दुसरीतली पोरं तिला पुढचा शब्द सांगत होती. त्या दिवसापासून ती डबा न खाता परत आणायला लागली.

मला समजावलंत हेही खोटं नाही. सप्टेंबरच्या पालकसभेत, बाकीचे पालक ऐकत असताना, तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे घरी अभ्यासाचं वातावरण नसणार, मी समजू शकते." मी राज्यशास्त्रात एम.ए. आहे, मॅडम. घरात पुस्तकांची दोन कपाटं होती. माझे आजोबा सोनबा मांजरी गावात दुसऱ्यांच्या उसात राबायचे. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला आणि वयाच्या चाळिशीत अक्षरं शिकले. 'तुमच्याकडे' म्हणजे कोणाकडे, ते मला कळलं. माना खाली घातलेल्या बाकीच्या पालकांनाही कळलं. आणि बारा वर्षांनी त्याच बाई व्यासपीठावर उभ्या राहून मला अडाणी म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

आता बेत सांगते, कारण पाठीमागून वार करायची मला सवय नाही. ती चौथीची शाळेची डायरी मी जपून ठेवली आहे. तुमचे एकेचाळीस शेरे आहेत. झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, बघून घ्या. १८ जुलै: "वाचन शून्य. घरी लक्ष दिले जात नाही." २ ऑगस्ट: "फळ्यावरून उतरवताना ओळी गाळते. आळस." २१ ऑगस्ट: "चुका मुद्दाम करते." 'मुद्दाम'खाली रेघ आहे. तुमचा बावीस ओळींचा परिचय वाचून झाला की मी हे एकेचाळीस वाचणार आहे. परिचय अर्धा ठेवणं बरं नाही. साठ खुर्च्यांवर साठ संच ठेवीन.

संघमित्रालाही बोलावणार आहे. ती आता लोणी काळभोरला असते. तिथल्या एका कॉलेजच्या बेकरीत मुलांना पाव भाजायला शिकवते. कृती लिहीत नाही, चित्रं काढून भिंतीवर लावते. गेल्या बुद्धपौर्णिमेला घरी आली होती. वाटीभर खीर खाल्ली आणि तासाभरात निघाली. त्यानंतर आलेली नाही. तुमची फजिती पाहायला मात्र ती येईल, माझ्या शेजारी बसेल, आणि मग आम्ही दोघी घरी जेवायला जाऊ. मला या सगळ्यातून एवढंच हवं आहे.

तुमची मनापासून वाट पाहणारी,
संघमित्राची आई


कोथरूड, पुणे
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

देवस्थळी मॅडम,

काल साईनाथ सर येऊन गेले. तुम्ही त्यांना फोन केलात म्हणे. नकार फोनवर चालतो, असं दिसतं. तुमचा गुडघा दुखतो आहे आणि डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं आहे. क्लबहाउस तळमजल्यावर आहे, अशी मी त्यांना आठवण करून दिली. मग बिचारे खरं बोलले. तुमचं म्हणणं, तेव्हा शाळेत कोणालाच यातलं काही माहीत नव्हतं आणि ही बाई सूड उगवते आहे.

दुसरं तर खरंच आहे. पहिलंही असेल. पण माहीत नव्हतं तर 'मला कळत नाही' असं लिहायचं होतंत. एवढे तीन शब्द त्या डायरीत असते तर मी आज तुमच्या पाया पडले असते. तुम्ही 'मुद्दाम' लिहिलंत आणि खाली रेघ मारलीत.

शनिवारी मी संघमित्राला फोन केला. सगळा बेत सांगितला, साठ खुर्च्या, साठ संच, तुमचा चेहरा. मला वाटलं ती हसेल. मागे कोणीतरी ट्रे आपटत होतं. मग म्हणाली, "आई, मला मॅडमची भीती साडेपाचपर्यंत वाटायची. त्यानंतर तुझी वाटायची."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, मला ते जमतं. तिनं बसची वेळ सांगावी तसं सांगितलं, आणि ओव्हन बघायचा आहे म्हणून फोन ठेवला.

मागच्या पत्रासोबतच्या प्रती तुम्ही फाडल्या नसतील तर काढून बघा. प्रत्येक पान उजवीकडे कोरं आहे. डायरीत तिथे एक रकाना होता. झेरॉक्सवाले काका म्हणाले, अहो ताई, पूर्ण पान बसतंय की, ही कागदाची पट्टी कशाला? मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी एकेचाळीस वेळा पट्टी ठेवली. त्या रकान्यावर 'पालकांची सही' असं छापलेलं आहे आणि खाली माझी सही आहे, प्रत्येक शेऱ्यापुढे, वळणदार. एकाही ठिकाणी मी तुम्हाला प्रश्न विचारलेला नाही. एम.ए. होते ना.

सही केल्यावर मी काय करत असे तेही लिहिते. १८ जुलैला तोच धडा दहा वेळा लिहायला लावला आणि तो पुरा होईपर्यंत जेवायला वाढलं नाही. तिचे बाबा, संभाजी, मध्ये पडले तर त्यांनाच म्हटलं, तुम्हीच लाडावून ठेवलं आहे. २ ऑगस्टला तिची चित्रांची वही फाडली. फूटपट्टी किती वेळा उचलली ते आठवत नाही. तिला आठवत असेल. पालकसभेच्या दिवशी तुमच्यावरचा राग मी रिक्षात गिळला. तुम्हाला तोंडावर एक शब्द बोलले नाही. घरी येऊन तिला सोनबा आजोबांच्या फोटोसमोर कान धरून उभं केलं आणि म्हण म्हटलं, मी तुमचं नाव बुडवलं. तिनं म्हटलं. नऊ वर्षांची होती. फोटोतल्या माणसाला चाळिशीपर्यंत एक अक्षर येत नव्हतं, तरी आम्ही सगळे त्याला शहाणा मानत होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. तुम्हाला खोटं पाडायचं होतं, मॅडम, आणि त्यासाठी माझ्या हाताशी तीच एक होती.

सहावीत ती भुवयांचे केस उपटायला लागली. पुस्तक उघडलं की एकेक. मी डॉक्टरकडे नेलं नाही. वर्गाच्या फोटोच्या दिवशी तिला आरशासमोर बसवून पेन्सिलीनं भुवया काढून दिल्या. तेव्हा तुम्ही तिला शिकवत नव्हतात. हे तुमच्या नावावर टाकायचा मी फार प्रयत्न केला. बसत नाही.

नववीत एका नव्या बाईंनी तिला तपासून घ्या म्हणून सुचवलं. सरकारी दवाखान्यात तीन दिवस चाचण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मुलगी हुशार आहे, तिला अक्षरांचा त्रास आहे. तो जन्मापासूनचा असतो, आळसाचा नसतो. आणि जे मन कोमेजलं आहे ते मात्र जन्मापासूनचं नाही. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. संघमित्रा शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून आजवर मी तुमचंच नाव सांगत आले.

तर बेत रद्द झालेला नाही, वाढला आहे. साठ नवे संच काढले आहेत, पट्टीशिवाय. एक सोबत आहे. व्यासपीठावर दोन खुर्च्या असतील. डावीकडचे शेरे तुम्ही वाचायचे, तुमच्याच आवाजात. प्रत्येक शेऱ्यानंतर त्या संध्याकाळी घरी काय झालं ते मी सांगेन. तुम्ही आला नाहीत तर दोन्ही मी वाचीन आणि तुमच्या खुर्चीवर तुमच्या नावाची पाटी ठेवीन. गुडघ्याची सबब मी लोकांना सांगणार नाही. मला तुम्हाला सोडायचं नाही, आणि आता एकटीलाच पकडायचंही नाही.

माफी मागायला बोलावत नाही. तुमच्या माफीचं मी काय करू? ती द्यायची असेल तर लोणी काळभोरला जाऊन द्या. पण तिथे रांगेत माझा नंबर पहिला आहे.

काल संध्याकाळी खालून शर्मिलाचा आवाज आला, "मुद्दाम करतोस." शब्द तुमचा, सूर माझा. तीन महिने मी हे ऐकते आहे आणि महिनाभर तिला जिन्यात व्याख्यानाची तारीख सांगते आहे. काल खाली गेले, बेल वाजवली आणि मूळ डायरी तिच्या हातात दिली. तिनं दारातच उभ्यानं दोन-तीन पानं वाचली. शंभू पेन्सिल धरून आमच्याकडे बघत होता. तिनं त्याला वही मिटायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. आठ तारखेपर्यंत थांबायची काही गरज नव्हती, हे मला तिच्या घरात बसल्यावर कळलं.

संघमित्रा येईल की नाही माहीत नाही. येते असं तिनं म्हटलेलं नाही. वर लिहिलेलं सगळं मी तिला माझ्या आवाजात फोनवर पाठवलं, वाचायचे कष्ट नकोत म्हणून. ऐकल्याची निळी खूण तेवढी आली आहे. पहिल्या रांगेत एक खुर्ची तिच्यासाठीही धरून ठेवली आहे. त्या दिवशी घरी जेवायला कोणी नसलं तरी मला चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. पण तरी वाचणार आहे.

रविवारी पाच मिनिटं आधी या. लाल पेन मी आणते. सगळं वाचून झालं की माझ्याविषयीचा शेरा तुम्ही लिहायचा, लोकांसमोर, हवा तेवढा कडक. मी तो या वेळी नीट वाचीन आणि मगच खाली सही करीन. त्यानंतर पेन माझ्याच हातात राहील, तुमच्याविषयीचा शेरा लिहायला.

पालकांची सही:
जया संभाजी रणपिसे