साहेबाच्या बाटलीची गोधडी

घिवली, ता. १० डिसेंबर १९६६

ती. सौ. अक्कास, नागोरावाचा शि. सा. न. वि. वि.

बाळासाठी धाडलेली गोधडी पोचली. कै. आईच्या लुगड्यांची आहे हे बघून हंसाचे डोळे भरून आले. बाळंतपणाला अजून दोन महिने अवकाश आहे, पण गोधडी रिकामी बसलेली नाही, हे मुद्दाम कळवतो.

झालं असं, की माझा अमेरिकन साहेब नाताळाच्या रजेवर गेला आणि जाताना आपली सगळ्यात लाडकी वस्तू माझ्या हवाली करून गेला. त्याला गळ टाकून मासे धरायचा नाद. आमिषही घरीच बनवतो. दुधासारखं पातळ प्लॅस्टिक असतं, ते तापवून साच्यात ओतलं, की गार झाल्यावर मऊ रबरी गांडूळ तयार! त्या पातळाची मोठी बाटली मला दिली आणि थंडीत जपायला सांगितलं. गारठलं की ते घट्ट होऊन तळाशी बसतं. साहेबाचं वाक्य संपायच्या आत माझं ‘यस सर’ तयार असतं, म्हणून तर अख्ख्या स्टोअरमध्ये त्याला मीच दिसलो. वीजघराचं बांधकाम संपलं की आमच्यातले बरेच जण घरी जाणार. साहेबानं एक शब्द टाकला तर मी कायमचा होईन.

तेव्हा बाटली गोधडीत गुंडाळून शेगडीजवळच्या फळीवर ठेवली आहे. हंसाला बाळंतपणाला निफाडला धाड म्हणतेस, पण मी ड्यूटीवर गेल्यावर शेगडीकडे कोण बघणार? सध्या जमणार नाही. दाजींना नमस्कार. साहेब परत येईपर्यंत तरी लोभ कमी करू नये.

तुझा नागोराव


निफाड, ता. १७ डिसेंबर १९६६

चि. नागोरावास गोजरक्काचे आशीर्वाद. अजून तरी आहेत.

पत्र वाचून धन्य झाले. आपल्या घराण्यात बाटलीला गोधडी पांघरणारा तू पहिलाच. बाटलीला कितवा महिना लागला रे? डोहाळे कडक आहेत का? बाळगुटी धाडू का वेखंड घालून? दृष्ट मात्र रोज काढत जा, साहेबाची वस्तू आहे.

घिवलीच्या थंडीचं ऐकून तुझ्या दाजींना घास गिळेना. इथे पहाटे रांजणात हात घालवत नाही, बागेत शेकोट्या पेटवून द्राक्षं वाचवतात, आणि आम्ही वेडे त्यालाच थंडी समजत होतो. खरी थंडी तुमच्या समुद्रकाठी पडते, हे आता कळलं.

मस्करी पुरे. हंसा पहिलटकरीण आहे, तिला आई नाही, अंगात रक्त नाही. तुमच्या कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो, हे तूच मागे लिहिलं होतंस. तिला लगेच आणून सोड. हवं तर बाटलीही आण, तिला माजघरात खाट घालून देते. आईची लुगडी मी ट्रंकेत जपली ती गांडुळांसाठी नव्हे. उत्तर नको, माणूस धाड.

लोभ आहे, पण आटत चालला आहे.

गोजरक्का


घिवली, ता. ४ जानेवारी १९६७

ती. सौ. वन्संना हंसाचा सा. न. वि. वि.

सोमवारी दुपारी आपल्या घरी मुलगी आली. घाई करूनच आली. हे ड्यूटीवर होते. शेजारची बायडी मासे विकून नुकतीच परतली होती, तिनंच सगळं केलं. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल. हातपाय गार, रडेना. वारा तर कुडातून आरपार. बायडी गरम काही मागू लागली. घरात तशी एकच वस्तू होती आणि ती बाटलीच्या अंगावर होती. मी फळीकडे बोट दाखवलं. बायडी म्हणाली, की बाटली पांगरून झोपलेली आमी तरी कदी बगितली नाय, आणि तिनं बाटली उचलून पडवीत नेऊन ठेवली. पोरीला गोधडीत घालून शेगडीपाशी धरलं, तेव्हा कुठे ती रडली. वन्सं, तो आवाज ऐकून मीही ढसाढसा रडले.

हे संध्याकाळी आले. दारातून आधी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाटली कुठे गेली विचारू लागले. मी सांगितलं, की मुलगी झाली आहे. मग मात्र पोरीचे पाय तळहातात धरून बराच वेळ बसले, खोटं कशाला लिहू? पण बाटलीच्या तळाशी घट्ट साका बसला आहे. तो कधीपासून बसत होता देव जाणे, पण आता नोकरी गेलीच असं म्हणून हे बाटलीपुढे तोंड पाडून बसतात. आमच्याकडे सोयर आणि सुतक एकदमच आलं आहे.

पोर आता दूध ओढते. तुमची फार आठवण येते. गोधडीत होती तेवढी माया राहू द्यावी.

आपली हंसा


घिवली, ता. १४ जानेवारी १९६७

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

साहेब परवा आला. मी बाटली दोन्ही हातांत धरून चोरासारखा उभा. त्यानं ती गरम पाण्याच्या बादलीत उभी केली, थोड्या वेळानं जोरात हलवली. झालं! पुन्हा दूध. म्हणाला, की घट्ट झाली तर असं करायचं, हे जातानाच सांगितलं होतं. ते बहुधा माझ्या ‘यस सर’नंतरचं असावं.

साहेबानं शब्द टाकायचं कबूल केलं आहे. खूश होऊन एक लाल रबरी गांडूळही भेट दिलं. ते हंसाच्या प्लॅस्टिकच्या साबणदाणीत ठेवलं, तर त्यातल्या तेलानं साबणदाणीच वितळून त्याला चिकटली. बायडीनं मांजरापुढे टाकून बघितलं, मांजरानं तोंड फिरवलं.

एकूण देवाची कृपा. बाटली वाचली, नोकरी वाचली, पोरही वाचली. पुढच्या थंडीतही बाटली माझ्याकडेच ठेवायचं साहेबाच्या मनात आहे. मी वाक्य संपायच्या आत होकार दिला. आता काळजी नसावी, लोभ पूर्ववत व्हावा.

तुझा नागोराव


निफाड, ता. १९ जानेवारी १९६७

चि. नागोरावास,

आशीर्वाद या खेपेला पोरीला.

बाटली पहिली, नोकरी दुसरी, पोर तिसरी. स्टोअरमधला माणूस तू, क्रम चुकायचा कसा!

गारठलेली बाटली गरम पाण्यात ठेवली की पहिल्यासारखी होते, हे वाचून बरं वाटलं. पोरीचं तसं नसतं रे. त्या दुपारी बायडी नसती, तर तू तिला कुठल्या बादलीत उभी करणार होतास? फार राग आला आहे मला तुझा.

मी रविवारी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. सव्वा महिना राहीन, मग दोघींना निफाडला आणीन. बायडीला एक चांगलं लुगडं आणते. शेगडीजवळची जागा हंसाची आणि पोरीची, गोधडी पोरीची. तुझं अंथरूण पडवीत, बाटलीच्या शेजारी. वारा लागून गारठलास तर घाबरू नकोस. गरम पाण्याच्या बादलीत उभा करून हलवीन.

तुझी अक्का