टाकीत कोणाचे हात

केळवे,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

आदरणीय दीपालीबाईंना,

नवसीचा नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल. आश्रमशाळेच्या मुली अजून संध्याकाळी तुमच्या खोलीत अभ्यासाला बसत असतील. आमच्या पाड्यावर सगळी बरी आहेत, भाताची आवणी आटोपली. इथे कामाला असलेली आमच्या पाड्याची लाडकीताई आवणीला घरी गेली होती. बाजारात तुम्ही तिला भेटलात आणि माझ्यासाठी निरोप दिलात, "तिला म्हणावं, लोकांच्या माशांचं भांडं घासणं पुरे झालं. परत बारावीला बस."

अडीच वर्षांनी तुमचा निरोप आला. दिवसभर मी खूश होते. मग राग आला. फोनवर तुमच्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते. प्रॅक्टिकलच्या वेळी मी कॉलेज का सोडलं ते तुम्हाला माहीत आहे, ते राहू दे. आधी ते भांडं काय आहे ते सांगते.

मी केळव्याला शांतारामभाऊंच्या घरगुती लॉजवर काम करते. सुपारीच्या वाडीत सहा खोल्या आहेत. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. मी झाडू-पोछा आणि चादरींसाठी लागले. त्याच महिन्यात भाऊंनी जेवणाच्या खोलीत तीन फुटांची काचेची टाकी आणली, खाऱ्या पाण्याची. आत दगड, वाळू, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आणि बटणांएवढी मऊ प्रवाळं. मी डोंगरातली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहावीच्या सहलीत, तुमचा हात धरून. आणि इथे समुद्राचा एक तुकडा खोलीत, दिवा लावून ठेवलेला. चादरी बदलायच्या सोडून मी त्याच्यासमोर उभी राहायची.

पाहुणे विचारतात, समुद्र एवढा जवळ, पाणी तिथूनच का नाही आणत? आपल्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात काय काय वाहून येतं कोण जाणे. टाकीला गाळलेलं शुद्ध पाणी लागतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने त्यात खास मीठ विरघळवायचं आणि एक दिवस ढवळत ठेवायचं. रोज थोडं पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला कोणी शिकवलं नाही. डब्यांवरचं इंग्रजी एकेक शब्द लावून वाचलं, फोनवरचे हिंदी व्हिडिओ पाहिले. एक वही केली. तापमान, खारेपणा, माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया, कोणता मासा जेवला, कोणता नाही, सगळं तारखेनिशी.

टाकी बसवून दिली ती मुंबईच्या विनोद सरांनी. ते महिन्यातून एकदा यायचे, कॉफी प्यायचे, फोटो काढायचे. मधले एकोणतीस दिवस टाकी माझ्याकडे असायची. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. मीही नाही.

या मार्चमध्ये एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मीठ भुरभुरल्यासारखे. विनोद सर आले, पिशवीतून निळ्या औषधाची बाटली काढली.

मी म्हटलं, "सर, आत शंखातल्या गोगलगायी हायेत. त्यांना चालंल का? माशांना बाहेर टबात काढून औषध दिलं तर?"

"तू झाडू मार," ते म्हणाले. भाऊ हसले. औषध टाकीत गेलं.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उलट्या पडल्या. तिसऱ्या दिवशी प्रवाळं मिटली, मग त्यांचा चिखल झाला. वास सुटला. मासे तेवढे जगले. दमयंतीवहिनी, भाऊंच्या पत्नी, टाकीसमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि रडल्या. रोज सकाळचा चहा त्या तिथेच घ्यायच्या. मी कचऱ्याच्या डब्यातून ती रिकामी बाटली शोधून काढली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तांबं आहे, प्रवाळ आणि गोगलगायींच्या टाकीत वापरू नये.

भाऊंनी विनोद सरांना बोलावून घेतलं. सरांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही बाई फिनाईलने लादी पुसते आणि तेच हात पाण्यात घालते. दुसरं कारणच नाही."

मी बाटली पुढे केली. वही उघडून दाखवली. ९ मार्च, विनोद सरांनी निळं औषध घातलं, दोन झाकणं. १० मार्च, गोगलगायी पडल्या. सर म्हणाले, "आता ही मला शिकवणार?"

भाऊंनी वही हातात घेतली, पण वाचली नाही. मला सरळ विचारलं, "नवसी, खरं सांग. तू फिनाईलचे हात कधी टाकीत घातले?"

बाई, 'नाय' म्हणणं किती सोपं होतं! यावेळी ते खरंही होतं. पण त्यांनी 'कधी' असं विचारलं होतं.

आदल्या वर्षीच्या जानेवारीत, नवी असताना, एक दगड आडवा पडला म्हणून मी पोछा टाकून घाईने हात आत घातला होता. कोपरापर्यंत. सकाळी पाच मासे मेलेले. त्या रात्री वीज गेली होती, म्हणून मी म्हटलं, वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. सगळ्यांनी मानलं. वहीची सुरुवात त्याच दिवशी झाली, बाई. हुशारीने नाही, भीतीने.

मी म्हटलं, "घातले होते. एकदाच. ते पहिले पाच मासे माझ्या हातानं गेले. वीज गेल्याचं मी खोटं सांगितलं. पण हे माझं नाय. हे सरांचं हाय, आन् माझ्या वहीत तारीख हाय."

"झालं तर! स्वतःच कबूल करते," विनोद सर म्हणाले.

"मी माझं कबूल केलं, सर. तुमी तुमचं करा."

सरांनी गाडीची किल्ली उचलली. भाऊ म्हणाले, "नवसी, तू आठ दिवस घरी जा. मला विचार करू दे." मी ओढणी उचलली आणि निघाले. वही मागितली नाही. ती त्यांनी वाचायलाच हवी होती.

पाचव्या दिवशी दमयंतीवहिनींचा फोन आला. "मी सगळी वही वाचली गं," त्या म्हणाल्या. "त्या पाच माशांचं लगेच सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, बस. तू ये. यांच्याशी मी बोलल्ये."

मी गेले, पण आत जायच्या आधी पडवीत उभी राहून भाऊंना म्हटलं, "आजपासून खोल्यांची सफाई दुसरं कोणीतरी करील. टाकीचं काम माझं. माझ्या वहीत लिहिल्याशिवाय आत थेंब जायचा नाय, तुमी घातला तरी. जमत नसंल तर मी आत्ताच्या रिक्षानं परत जाते."

भाऊंनी पडवीतून बाहेर रिक्षाकडे पाहिलं. मग म्हणाले, "रिक्षावाल्याला जायला सांग."

तांबं दगडांत, वाळूत मुरतं. सगळं फेकावं लागलं. मासे निळ्या पिंपात ठेवले, रोज थोडं पाणी बदलून. टाकी घासली, नवे कोरडे दगड लावले, कारण समुद्रातून तोडून आणलेलं मी काही घेत नाही. मग वाट पाहायची. अमोनिया चढतो, उतरतो. मग नायट्राइट चढतं, तेही उतरतं. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू दगडांवर घर करतात, तोवर आत कोणी राहू शकत नाही. पाहुणे विचारायचे, रिकाम्या पाण्यात काय बघतेस? मी एक्केचाळीस दिवस रोज तपासलं. मग मासे सोडले. जूनमध्ये बोईसरच्या एका मुलीकडून, तेजलकडून, तिच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा एक तुकडा आणला. ती तिथे कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तेव्हा त्या तुकड्यावर फुलासारखी उघडणारी आठ तोंडं होती, काल सतरा मोजली.

आता जे राहू दे म्हटलं होतं ते.

बापाला बरं नाही म्हणून मी कॉलेज सोडलं, असं तुम्हाला कळवलं होतं. बापाला काही झालं नव्हतं. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षकांनी मला ओळखायला एक मीठ दिलं. मला ते येईना. त्यांनी विचारलं, "कुठल्या शाळेतून आलीस?" मी आश्रमशाळेचं नाव सांगितलं, तशी मागची बाकं हसली. मी परीक्षानळी स्टँडला लावली आणि बाहेर पडले. पेपरांनाही बसले नाही. लाज वाटली, म्हणून बापाला आजारी केलं.

तुम्ही मोसंबी घेऊन पाड्यावर आलात. बाप छपरावर कौलं बसवत होता. मी आत लपले होते, कुडाच्या फटीतून बघत. तुम्ही पिशवी ओट्यावर ठेवलीत आणि म्हणालात, "तुमच्या लोकांसाठी काही करण्यात अर्थच नाही." बापाने ऐकलं. तो खाली उतरला नाही. संध्याकाळपर्यंत वरच बसून होता.

खोटं मी बोलले, बाई. त्याची माफी मागते, आणि ही माफी खरी आहे. पण ते खोटं एकट्या नवसीचं होतं. त्यात माझे लोक कुठून आले? सहलीत माझा हात धरून मला समुद्र दाखवणारी बाई तुम्हीच, आणि ते बोलणारीही तुम्हीच. तुमच्या शिव्या मी कितीही खाल्ल्या असत्या. हे मी गिळणार नाही.

बारावीला मी बसते आहे. तुमच्या निरोपाच्या आधीच, जुलैत, त्याच कॉलेजात रिपीटर म्हणून नाव देऊन आले. प्रॅक्टिकलही त्याच प्रयोगशाळेत. पण टाकी सोडणार नाही. हे भांडं घासणं नाही.

तुम्ही इथे या. जेवायला या, राहायला या. मात्र येताना वाटेत आमच्या पाड्यावर थांबा आणि बापाशी बोला. मला काही सांगायची गरज नाही. बाप सांगेल मला, तुम्ही आल्या होतात म्हणून.

तुमची विद्यार्थिनी (असं लिहू का, हे मी विचारत नाही, बाई. लिहिलं आहे),
नवसी