पहिल्या फेरीचा चहा

सर, आज आमच्या लातूरच्या कॉलेजातल्या बैठकीत मला अक्षरशः शिसारी आली, आणि ते सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी सुचेना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही. संशोधनाची कार्यक्षमता वाढवायचं खूळ निघालंय. कोचिंग क्लासवर गब्बर झालेले एक गृहस्थ आता आमचे संचालक आहेत. बॅचा काढाव्यात तशा त्यांना पीएचड्या काढायच्यात. "पाहणीला गावात जाता आणि पहिल्या फेरीला नुसता चहा पिऊन येता? पिकनिक आहे का?" असं त्यांनी विचारलं आणि आमचे प्राध्यापक खिदळले. लाज कशी वाटली नाही? आता एका घराला एकच फेरी, उत्तरं मोबाइलवर, संध्याकाळी तक्ता तयार.

मला भूकंपानंतर वसवलेलं ते गाव आठवतं, जिथे तुमच्या हाताखाली मी पाहणी शिकलो. तुम्ही नांदेडहून एसटीने यायचात. पहिल्या दिवशी काही विचारायचं नाही, हा तुमचा दंडक. मी मात्र उतावीळपणे एका बाईंना विचारलंच, नव्या घरात राहता ना? "हाव, लई बेस हाय," त्या म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी वही मिटून पिशवीत टाकली. तिसऱ्या खेपेला त्याच बाई तुमच्याशी बोलताहेत, "स्लॅबखाली डोळा लागत न्हाई, सर. तिथं कडबा भरलाय. आमी पत्र्याच्या शेडातच निजतो." परक्यासमोर मिळालेल्या घराला नावं ठेवायची नाहीत, अशी त्या लोकांची रीत.

माझी एक विद्यार्थिनी आहे, देवणीकडची. त्याच गावात आता कोण राहतं, हा तिचा विषय. नव्या पद्धतीने तिने एका दिवसात गल्ली उरकली. काल येऊन म्हणाली, "सर, घरात सगळे हायत म्हणतात, अन् परातीत दोनच भाकरी. आया पोरांच्या क्लासपायी लातुरात खोली करून राहतात. पण घर असं फुटलंय, हे मला कोण सांगंल? त्यांचं सांगणं तसंच छापलं तर पदवी मिळंल. पण खोटं हाय ते." ती रडली नाही, चिडली होती. मला तिचा फार अभिमान वाटला. मी म्हणालो, परत जा, नुसता चहा पिऊन ये, पाहिजे तितक्या फेऱ्या कर. मुदतीचं मी बघतो.

हे पत्र कुठे टाकणार? राहील टेबलावर. सर, मुदत वाढवणं माझ्या हातात नाही. आज सकाळच्या गाडीने ती गावाला गेली, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही.