शहादेवच्या वाट्याचे दहा एकर

मी, आसाराम म्हाळू गर्जे, वय पंचावन्न, धंदा शेती, राहणार खडकवाडी, तालुका आष्टी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डोके ठिकाणावर आहे. फक्त मागच्या मंगळवारी त्याला जबर धक्का बसला आहे.

माझा थोरला भाऊ शहादेव मोठ्या लढाईत, १९४४ साली, ब्रह्मदेशात मारला गेला. गावातून सहा जण गेले होते, सहाही परतले नाहीत. आई म्हणाली, "दोघांचं घर आता तुलाच भरायचं हाय." मी भावजय वत्सलाबाई हिच्याशी पाट लावला. १९४७ साली झालेला पहिला मुलगा गहिनीनाथ आईने बारशात, पाचांसमक्ष, शहादेवच्या नावे केला. शाळेतही बापाचे नाव तेच लागले. पुढचे चार मुलगे, तीन मुली माझ्या नावे. गावात कोणाला यात काही वावगे वाटले नाही.

यंदा गहिनीनाथ सोसायटीचा सभासद व्हायला गेला. सेक्रेटरी म्हणाला, "बाप चव्वेचाळीसला मेला अन् तू सत्तेचाळीसचा? कसं काय रे?" तेव्हापासून धाकटे चौघे म्हणतात, तो आमचा सख्खाच भाऊ, शहादेवचा वाटा म्हणून त्याला एकट्याला निम्मे कशाला, वीस एकरांचे पाच सारखे वाटे करा. मलाही ते पटू लागले होते.

मंगळवारी तलाठी टँकरच्या पाण्यासाठी माणसे मोजायला आला. त्याच्याकडे जुन्या खानेसुमारीचे आकडे होते. एक्केचाळीस साली चारशे बारा, एक्कावन्न साली पाचशे चाळीस, एकाहत्तर साली नऊशे साठ. मी विचारले, "आमची सहा माणसं गेली, ती कुठं कमी दिसतात?"

"कुठंच न्हाई, बाबा. गाव तर वाढतच गेलंय."

त्यांची जागा भरावी म्हणून आम्ही लेकरे वाढवली, आणि ती इतकी भरली की तिथे कोण होते हेच उरले नाही. विहिरीत घागरभर पाणी नाही आणि प्यायला आम्ही नऊशे साठ.

म्हणून दहा एकर, विहिरीसह, शहादेवचा मुलगा म्हणून गहिनीनाथला. रक्त माझे आहे, ते मी लपवत नाही. पण त्याच्या नावापुढचे शहादेव पुसले, तर माझा भाऊ कुठेच राहणार नाही.

उरलेले दहा एकर चौघांना सारखे. मुलींना प्रत्येकी एक तांब्याची घागर. मेहुणा बंकट याच्याकडची पहार कोणी मागू नये. ती त्याचीच आहे, भांडण मी उगाच वीस वर्षे चालवले.

माझ्यामागे वत्सलाबाईने बांगड्या फोडू नयेत. लढाईची तार आली तेव्हा तिने एकदा फोडल्या आहेत. दोघा भावांच्या मिळून तेवढ्या पुरे.

सही: आसाराम म्हाळू गर्जे, शहादेवचा धाकटा भाऊ
साक्षीदार: १) उत्तरेश्वर भाऊराव, २) सटवा रामा (याचाही चुलता त्याच लढाईत गेला)
मुक्काम खडकवाडी, १४ एप्रिल १९७३